प्रेमलताबाईची खांदशेकणी

आमच्या मोहल्ल्यात बातमी अशी पसरली की शाळेत रांधणाऱ्या प्रेमलतानं प्रणाली मॅडमच्या अंगावर वरण फेकलं. शाळेच्या फाटकापाशी ते वरणच होतं. सौंसरच्या बस स्टँडवर पोहोचेपर्यंत त्याचं उकळतं तेल झालं आणि मॅडमला नागपूरला हलवलं म्हणून लोक सांगू लागले.

मॅडमला हलवलं ते फक्त वर्गातून स्वयंपाकघरात, आणि तिथंही त्या आपल्या पायांनी आल्या, काय पडलं ते पाहायला. वरण फेकलंच नव्हतं. गॅसवरून उतरवताना वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, प्रेमलताच्या हातून निसटला, अर्धं वरण फरशीवर गेलं आणि मॅडम धावत आल्या तेव्हा चार शिंतोडे त्यांच्या निऱ्यांना लागले. "भाजलं तर नाही ना बाई तुम्हाला?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि प्रेमलता त्यांच्यावरच खेकसली, "पोरं पायात पायात येतेत, ध्यान ठेवत जा जरा!" पोरं तेव्हा वर्गात पाढे म्हणत होती. पण खेकसलेलं सगळ्यांनी ऐकलं, सांडलेलं कोणी पाहिलं नाही. मग लोकांनी दोन्हीला टाका घालून शिवून टाकलं. मीही घातला असता, सुईदोरा माझ्याकडे कायमचाच असतो. पण माझी आणि प्रेमलताची भिंत एक आहे, आणि भिंतीपलीकडचं खरं मला माहीत होतं.

त्या दिवशी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवत होती. दुसऱ्याचं झोपलेलं लेकरू ठेवावं तसा.

"वत्सला, लोक काय म्हणून राहिले?"

"तू वरण फेकलं म्हणतेत."

ती थोडी मोकळी झाली. "म्हणू दे. फेकलं म्हणू दे. पण सुटलं म्हणू नको कोणाले. तुले जामसांवलीच्या मारुतीची शपथ."

अशी शपथ आणि तीही मला! मोहल्ल्यातल्या कोणाला विचारा, ते हसतील.

उन्हाळ्यापासून तिचा उजवा खांदा गेला होता. हात छातीच्या वर उठत नव्हता. वरच्या फळीवरची ताटं तिनं हळूच खालच्या फळीवर आणली होती. पळी डाव्या हातात आली होती. केसांचा अंबाडा जाऊन मागे नुसती गाठ आली होती, आणि अश्विनीनं विचारलं तर म्हणाली, "फॅशन आहे." अश्विनी म्हणजे आमच्या बायांच्या बचत समूहाची अध्यक्ष. शाळेतलं दुपारचं जेवण समूहाकडे आहे, आणि रांधायला कोणाला ठेवायचं ते समूह ठरवतो. गंज न उचलता येणारी बाई कोण ठेवणार? प्रेमलताला भीती होती ती एवढीच. शाळेतली चूल हातची जाईल.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, पोरगा कमावता आहे, बसून खावं. वैभव बुटीबोरीला कंपनीत आहे, आणि आईला "ये, राहा" म्हणतो, अगदी मनापासून. पण बसून खाणं ही कला प्रेमलताला कोणी शिकवलीच नाही. ती सावरगावची लेक, जाम नदीच्या काठची. लग्न होऊन इथं आली तेव्हापासून मी तिला बसलेली पाहिली नाही. चहासुद्धा उभ्यानं पिते. नवरा गेला त्यानंतर पोरगाही नोकरीला गेला, आणि घर असं रिकामं झालं की एकटीसाठी कणीक मळायला घेतली तरी हिचा हात थांबत नाही. उरलेल्या पोळ्या भिंतीवरून माझ्याकडे येतात. शाळेत स्वयंपाकघर बांधलं तेव्हापासून ती तिथं आहे. तिच्या हातचं खाल्लेली पोरं आता आपली पोरं घेऊन येतात. "आवडलं नाही" म्हणणाऱ्याला ती दुप्पट वाढते. शिव्या देते, पण त्या शिव्या ऐकून पोरं हसतात आणि आया मान वळवतात.

तर असं सगळं लपूनछपून चाललं असताना शाळेत आभार शिरले.

प्रणाली मॅडम छिंदवाड्याच्या. बाई चांगल्या, पण कॉलनीत वाढलेल्या. बैल त्यांनी पाहिले ते स्कूटीचा हॉर्न वाजवून बाजूला काढण्यापुरते. त्या कुठल्याशा प्रशिक्षणाला गेल्या आणि मुलांमध्ये कृतज्ञता रुजवायची असं मनाशी धरून आल्या. दर शनिवारी बालसभेत प्रत्येक मुलानं कोणाचे तरी आभार मानायचे.

आमच्याकडे आभाराची रीत तशी नाही. कोणी भाजी पाठवली तर वाटी रिकामी वापस करायची नाही, संपलं. तोंडानं कोणी "धन्यवाद" म्हटलं तर आम्ही त्याच्या मागे पाहतो, निवडणूक लागली का म्हणून. त्यामुळे पहिल्या शनिवारी पोरांची पंचाईत झाली. एकानं हापशीचे आभार मानले. दुसऱ्यानं पंख्याचे मानले, जो चालतच नाही. तिसऱ्यानं मॅडमच्या स्कूटीचे मानले, कारण ती पंक्चर झाली की मॅडम उशिरा येतात.

मॅडमनी कपाळावरचे केस मागे सारले. "असं नको. तुमच्या घरी आभार कसे मानतात? आठवून सांगा."

मग तिसरीतली मानसी उभी राहिली. नत्थूजीची नात ती, बोलायला घाबरत नाही.

"आमच्या घरी बैलाचे मानतेत."

"बैलाचे? कसे?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकतो. हळद, तूप, पळसाचं पान. वर्षभर जू ओढते ना थो, म्हणून. मंग आवतण देतो, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.' अन् पोळ्याले पुरणपोळी."

मॅडमचे डोळे असे चमकले, जसं परीक्षेत येणारा प्रश्नच हाती लागला. "किती सुंदर! मग सांगा, आपल्या शाळेत सगळ्यांचं ओझं कोण वाहतं?"

एक पोरगा म्हणाला, "माझं दप्तर मीच वाहतो." त्याला खाली बसवलं. बाकी सगळी शाळा एका आवाजात ओरडली, "प्रेमलता आजी!"

आणि ठरलं. मॅडमनी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं: पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेत प्रेमलताबाईंची खांदशेकणी, सर्वांनी यावे. खाली फुलं, हात जोडलेले, आणि एक बैल.

तो बैल मॅडमनी टाकायला नको होता.

तासाभरात मोहल्ल्याचे दोन भाग झाले. अर्धे म्हणाले, बाईमाणसाले बैल केलं, हे शोभते का? अर्धे म्हणाले, बैलापेक्षा मोठा मान आपल्यात आहे तरी कोणाला? सावरगावहून प्रेमलताच्या भावजयीचा फोन आला. नदीपलीकडचं पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्या बाईचा आवाज तसाही वाढलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे नदीवर गोटमार असते, दोन्ही काठांवरून एकमेकांना दगड मारतात, पण तिनं यंदा आधीच फोनवरून सुरू केली. "मास्तरीणनं तुह्या गळ्यात घुंगरू बांधाचे बाकी ठेवले! सहन कायले करतं?" मग वैभवचा फोन. "माय, तुले बैल म्हणतेत अन् तू चूप?"

प्रेमलता प्रत्येकाला म्हणत होती, "हो ना, पाहा ना." मला भिंतीतून ऐकू येत होतं. अपमानाचं तिला काहीच वाटत नव्हतं. अपमान तिला बुडत्याला फळी सापडावी तसा सापडला होता. कारण खांदशेकणीला खांदा दाबतात. आणि दाबणारे होते नत्थूजी.

नत्थूजी पालक समितीचे अध्यक्ष. घरी ट्रॅक्टर आहे, तरी जोडी ठेवली आहे, सवयीनं. बाजारात बैल घ्यायचा असला की लोक यांना सोबत नेतात. नत्थूजी दात पाहत नाहीत, चाल पाहत नाहीत, डोळे मिटून खांद्यावर हात ठेवतात आणि सांगतात, हा हंगाम काढन की नाही. मॅडमनी पोरांना शिकवायला त्यांनाच बोलावलं होतं.

"त्याचा हात लागला की संपलं, वत्सला," प्रेमलता म्हणाली. अंगणात ती झाडून झालेली जागाच पुन्हा झाडत होती, डाव्या हातानं. "ज्या बैलाचा खांदा सुजून आला त्याले काय दाखवतेत? बाजार दाखवतेत."

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमला गाठलं आणि भावजयीची सगळी वाक्यं आपली म्हणून वापरली. अपमान होते, शोभत नाही, लोक हसतेत. मॅडमचा चेहरा उतरला. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला माहीत नव्हतं हो बाई. मी रद्द करते." आणि त्यांनी वर्गात जाऊन पोरांना सांगितलं, आजींना वाईट वाटलं, आता काही करायचं नाही.

प्रेमलता सुटली होती. दुपारी जेवणाची घंटा होईपर्यंत.

पोरं रांगेत आली, ताटात घेतलं, खाली मान घालून जेवली आणि उठली. कोणी दुसऱ्यांदा भात मागितला नाही. रोज आजीच्या ओरडण्याची वाट पाहणारा पोरगासुद्धा गुपचूप हात धुवायला गेला. गंजात भात तसाच. प्रेमलता एकदा भाताकडे पाहे, एकदा रांगेकडे. पळी आपटली, उचलली, पुन्हा आपटली. मग दारात येऊन इतक्या मोठ्यानं ओरडली की रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्यानं ब्रेक मारला:

"या रे गधेहो, शेका माझे खांदे! पण भात संपवा!"

भात संपला. आणि बाई आपल्याच तोंडानं पुन्हा अडकली.

त्यानंतरचे दिवस तिनं स्वतःलाही बसू दिलं नाही आणि मलाही. चहा मांडायची आणि विसरायची. पातेलं जळल्याचा वास भिंत ओलांडून यायचा. दाराला कडी लावून बाहेर पडायची, फाटकापर्यंत जायची, कडी लावली का ते पाहायला वापस यायची. मी म्हटलं, दवाखान्यात चल. तर म्हणाली, तिथं अश्विनीची नणंद चिठ्ठ्या फाडते. मी म्हटलं, अश्विनीला सरळ सांगून टाक. तर माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्या दिवसापर्यंत तो विषय काढला नाही. माझ्यासाठी एवढी कळ काढणंही खूप झालं म्हणा.

मग जामसांवलीला जायचं ठरलं. मारुतीकडे तिनं फार मागितलं नाही. खांदा बरा कर असंही नाही. फक्त त्या एका दुपारी दुखल्यासारखं दिसू देऊ नको. दर्शनाच्या रांगेतही तिचे पाय एका जागी नव्हते. आमचा हा मारुती उभा नाही, पहुडलेला आहे. लांबलांबून लोक त्याच्या पायाशी येतात. मला राहवलं नाही.

"पाहा वं प्रेमलता, हा देव कधीचा लेटून आहे. याले कोण्या समूहानं काढलं का?"

"त्याले गंज उचला लागत नाही," ती म्हणाली आणि नारळ पुढे केला.

घरी आल्यावर तालीम सुरू झाली. ती पाटावर बसायची आणि मी मागून खांदा दाबायचा. चेहरा हलू द्यायचा नाही, हा अभ्यास.

"दाब."

"दुखन."

"दाब म्हणते ना! नत्थूजी काय फुलानं दाबन?"

मी दाबलं. ती जी किंचाळली, तिच्या अंगणातली चिमणी उडाली आणि समोरच्या घरातला प्रवीण धावत आला. मी म्हटलं, "काही नाही बाप्पा, उंदीर." संध्याकाळी मला दुकानात विचारलं गेलं, प्रेमलता आणि तुझी मारामारी झाली म्हणे? मी म्हटलं, हो. काय करणार, शपथ होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ खरी बातमी होती आणि मी खोटी विकत बसले होते.

खांदशेकणीच्या दुपारी शाळेचं अंगण भरलं. पालकमेळाव्यालाही एवढे पालक येत नसतील. अर्धे मान द्यायला आले होते, अर्धे अपमान पाहायला. पोरांनी पळसाची पानं आणली होती. वाटीत हळद आणि तूप. प्रेमलता हिरव्या साडीत पाटावर बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून. बसली म्हणजे टेकली. पायाचे अंगठे जमिनीवर हलतच होते. मी तिच्या समोर उभी राहिले, म्हणजे तिला कोणाकडे तरी पाहता यावं.

आधी लहान पोरं आली. त्यांचे हात कसले, तुपात बुडवलेली मांजराची पावलं. एक लावे, दुसरा पुसे. हळद मानेवर, कानावर, पाठीवर, साडीवर तर विचारू नका. "ब्लाउज तुह्या बापानं धुवाचा का रे?" ती म्हणाली, आणि पोरं खिदळली. मग सगळ्यांनी मिळून, मानसी पुढे, ओरडून म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या!" बायांमध्ये कोणीतरी नाक ओढलं. भावजयीनं व्हिडिओ कॉलवर पाहायचं ठरवलं होतं. तिकडूनही आवाज बंद झाला.

आणि मग नत्थूजी आले.

त्यांनी टोपी नीट केली, पळसाचं पान दिव्यावर गरम केलं आणि डाव्या खांद्यावर ठेवलं. दाबलं. काही नाही. मग उजवा. मी प्रेमलताकडे पाहत होते. तिचा चेहरा पाटीसारखा कोरा. माझी तालीम कामी येत होती. नत्थूजींनी सवयीनं डोळे मिटले. अंगठा मानेकडून खाली सरकला, एका जागी थांबला, पुन्हा वर गेला, पुन्हा त्याच जागी आला. प्रेमलताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, चेहरा तसाच. मागून कोणीतरी कुजबुजलं, "गहिवरली वं बाई."

नत्थूजींनी जीभ टाळ्याला लावून टॉक् केलं. तिच्या पाठीवर दोनदा थाप मारली, "हो, हो" केलं, आणि डोळे मिटलेलेच असताना बाजारात बोलतात त्या आवाजात बोलले:

"खांदा आला आहे. उजवा. जुना आहे. याले जुवाले कोण लावून राहिलं? पाप लागन त्याले."

डोळे उघडले तेव्हा त्यांना आठवलं की आपण कुठं आहोत. हात असा मागे घेतला, जसा तवा लागला.

मग मला दिसलं, एकेका चेहऱ्यावर हिशेब जुळत होता. खालच्या फळीवरची ताटं. डाव्या हातातली पळी. केसांची गाठ. अश्विनी हळूच म्हणाली, "म्हणजे थे वरण..." आणि थांबली. प्रेमलतानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: मी नाही सांगितलं, मारुतीची शपथ.

त्यानंतर जे झालं ते वरण सांडण्यापेक्षा वाईट होतं. सगळे गोड झाले. "लई केलं हो बाईनं." "किती पोरायले जेवू घातलं." "असं माणूस होणे नाही." पाटावर जिवंत बाई बसली होती, अंगभर हळद, आणि हे मयताच्या तिसऱ्या दिवसाला आल्यासारखे बोलत होते. प्रेमलताचे अंगठे हलायचे थांबले. ते मला आवडलं नाही.

मानसीनं आजोबाचा सदरा ओढला. "आबा, खांदा आला तं आपण बैलाले काय करतो?"

नत्थूजी खाकरले. त्यांना आपलं बोलणं सावरायला जागा हवीच होती. "काय करन? जड वढू देत नाही त्याले. पण रांगेत चालाले थोच पुढं लागते. नव्या गोऱ्ह्यायले वाट कोण दाखवन?"

हे निम्म्यांनी ऐकलं, कारण तोवर अश्विनी ऑफिसातल्या कपाटाकडे धावली होती. पंधरा ऑगस्टला पाहुणे येणार होते ते आलेच नाहीत; त्यांची शाल आणि नारळ तसाच कपाटात होता. आमच्याकडे शाल-नारळ कोणाला देतात ते लहान पोरालाही कळतं. रिटायर होणाऱ्याला.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगलेला राहायला नको. आता पोती आणि मोठी भांडी उचलायला पालकांच्या पाळ्या आहेत. अश्विनी स्वतः सकाळी येते आणि कणीक मळताना शिव्या खाते. नत्थूजींचा दिवस असला की ते गंज उचलताना टोपी काढून ठेवतात. प्रेमलता डाव्या हातानं ढवळते, उजवा हात दवाखान्यात दाखवून झाला आहे, आणि मॅडमनी बालसभेतले आभार चालू ठेवले आहेत, पण आता तोंडी आभार मानणाऱ्या पोराला त्या विचारतात, "बरं, मग तू काय उचललं?" हे सगळं एका वाक्यानं झालं, आणि ते वाक्य मी समोर उभी राहून ऐकलं आहे, तेव्हा दुसऱ्या कोणी वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मॅडमनी शाल उलगडली. "प्रेमलताबाई, आम्हा सगळ्यांतर्फे ही स्वीकारा. आता घरी आराम करा."

प्रेमलतानं शालीचं टोक चिमटीत धरून पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि म्हणाली:

"मॅडम, मले थंडी नाही वाजून राहिली, खांदा दुखून राहिला. शाल ठेवा तुमच्या कपाटात, अन् पोळा झाला की तांदळाचं पोतं उचलाले कोण येते, थे सांगा."